विम्याचा पाहुणा

७ एप्रिल

गारा! लिंबाएवढ्या! दहा मिनिटं, जास्त नाहीच. मसाल्याच्या शेडवर सिमेंटचे चौदा पत्रे होते, त्यातला एक धड नाही. कांडपाच्या मशीनपाशी उभी राहून वर बघतेय तर वर नुसतं आभाळ!

सासूबाई — आमच्या आत्याबाई — घरातल्या सगळ्या गोधड्या घेऊन पळत आल्या आणि मशीनवर टाकल्या. कपाळावर गार बसून टेंगूळ आलं, तरी म्हणे, "माझं ऱ्हाऊ दे, मिरची उचल आधी!" गिऱ्हाइकांची नव्वद किलो मिरची भिजली.

८ एप्रिल

योगेश फॅब्रिकेटर माप घेऊन गेला. अँगल, रंगीत पत्रा, मजुरी — अडुसष्ट हजार! मी दोनदा विचारलं. "वहिनी, गारपिटीनं समद्यांचेच पत्रे गेलेत. उद्या इचारलं तर सत्तर सांगंन."

लोक वर्षाचा मसाला एप्रिल-मेमध्ये करतात. हे दोन महिने हातचे गेले की मशीन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शोभेचं.

बरं झालं विमा आहे! दरवर्षी न चुकता भरते. फोन केला. कंपनीतली बाई म्हणाली, नुकसान बघायला सर्वेअर येईल, तोवर काही हलवू नका. आत्याबाईंना सांगितलं, विम्याचा माणूस येणार आहे.

१० एप्रिल

कोणी आलं नाही. मिरची शेजारच्या शरिफाभाभींच्या गच्चीवर वाळतेय. अर्धी काळी पडली.

१२ एप्रिल

विश्वासच बसत नाही अजून.

सकाळी बँकेत कागदांसाठी नेवाशाला गेले होते. एक वाजता परत आले तर शेड धुऊन लख्ख! फुटक्या पत्र्यांचा एक तुकडा नाही — ट्रॉली भरून कोणाच्या तरी खड्ड्यात. वर जयंतीच्या मांडवाची जादा ताडपत्री, मंडळाच्या पोरांनी ताणून बांधलेली. खाली खुर्ची, खुर्चीवर धुतलेला टॉवेल, आणि टॉवेलावर बसून सर्वेअर पोहे खातोय!

"ताई, नुकसान कुठंय?"

मी वरच्या ताडपत्रीकडे बोट दाखवलं.

आत्याबाई खूश. "तूच म्हनलीस ना मानूस येनार. पाव्हन्याला असल्या उकिरड्यात बसवायचं व्हय?"

सर्वेअर भला होता. रिकाम्या अँगलचे फोटो काढले. "दिसलं तेवढंच मी लिहिणार. बाकी ऑफिस कागद बघून ठरवेल." 

तो गेला आणि माझा तोल सुटला. अंगणात, सगळ्या गल्लीसमोर — "तुमच्या अडाणीपणानं घर बुडालं!" 

ज्या बाईनं लोकांचे कांदे खुरपून मला लग्नानंतर बी.ए. करवलं, तिला! त्या टॉवेलची घडी घालत राहिल्या.

१३ एप्रिल

काही हलवू नका, हे मी त्यांना सांगितलं होतं का? आठवून आठवून डोकं दुखलं. नवऱ्याला, पंकजला सांगितलं होतं, पण तो कारखान्यातल्या रात्रपाळीहून येऊन झोपलेला. त्यांना नसेल सांगितलं.

तरीपण! एवढी कसली झाडलोट!

१४ एप्रिल

जयंती. आत्याबाई पांढरी साडी नेसून वंदनेला पुढे बसल्या. मी मागच्या रांगेत.

१५ एप्रिल

उठले तर त्या नाहीत. पिशवी घेऊन पंकजबरोबर स्टँडवर गेल्या. खर्ड्याला, वन्संकडे. फोनवर विचारलं, कधी येणार? म्हणाल्या, "बघू."

पंकज परत आला, चहा घेतला नाही. "आईला गावानं आडानी म्हनलं आसंल. घरात कुनी म्हनलं न्हवतं." एवढंच बोलून कारखान्यात गेला.

मी रडले. रागही गेला नाही. अडुसष्ट हजार आहेत!

१९ एप्रिल

मंडळानं ताडपत्री नेली. शेडमध्ये भरदुपारचं ऊन. गिऱ्हाइकं दुसऱ्या कांडपावर.

२६ एप्रिल

विम्याचं पत्र आलं. दावा नामंजूर. वाटलंच होतं, पुरावा नाही म्हणणार. पुढे वाचलं — पुराव्याचा शब्दच नाही! पॉलिसी फक्त यंत्राची आहे, शेडचा विमा नाही.

कपाटातून पॉलिसी काढली. शेडच्या रकान्यात आडवी रेघ. खाली माझी सही.

आणि लख्ख आठवलं. मागच्या वर्षी एजंट सहादेवनं विचारलं होतं, "शेडपन टाकू का? आठशे वाढतेत." मी म्हणाले होते, "पत्रे कोण उचलून नेतंय! मशीनचाच काढा." दोघंही हसलो होतो. 

चौदाच्या चौदा पत्र्यांचे तुकडे जागच्या जागी ठेवले असते, तरी एक रुपया मिळणार नव्हता! आणि मी त्या बाईला काय बोलून बसले!

खर्ड्याला जायला पहिली एस्टी किती वाजता, पंकजला विचारलं. "पावनेसातला नगरची हाय, तितनं फुडं खर्ड्याची," म्हणाला, आणि माझी पिशवी काढून दिली.