पिवळी काहीच खाईना

पप्पा, आज मी एकटीच नांदेडला जाऊन आले. मी ब्लाउज शिवते त्या दुकानाला सुट्टी होती, तर सकाळची एस्टी धरली. तुम्ही गेल्यापासून माशांची टाकी कोरडीच होती, मम्मीनं तिच्यात लोकरीचे गुंडे ठेवले होते. मागल्या आठवड्यात मी ते काढले, काच पुसली, पाणी भरलं. आता मासे आणायचे म्हंजे दुकानात जाऊन बोलावं लागणार, आन मला तर तुम्ही ओळखताच. दुकानदारानं काही विचारलं आन माझा घसाच बंद झाला तर? वाटभर तेवढंच डोक्यात.

तुम्ही दुकानात गेले की हात मागं बांधून टाकीसमोर उभेच. दुकानदार जाळी घेऊन ताटकळायचा. मग तुम्ही म्हणायचे, "अगोदर खायला टाका की त्यांना." जो धावून आला तो आपला. कोपऱ्यात पंख मिटून बसलेला नको, पोट खपाटीला गेलेला नको. त्या टाकीत एक जरी मेलेला दिसला, तर बाकीचे कितीबी देखणे असू देत, आपण बाहेर. कालच आलेला माल असला तर म्हणायचे, आठ दिवस तुमच्याकडंच राहू द्या, जगले तर येतो. दुकानदार वैतागायचा, "ओ ड्रायवर, मासा घ्यायला आलात का सोयरीक करायला?"

मला तो उन्हाळा आठवतो, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. गल्लीत घागरींची रांग, आन आपल्या घरात दोन पिवळे सिक्लिड मासे मजेत फिरून राहिलेत. शेजारची काकू दारातून म्हणायची, "माणसाला प्यायला न्हाई, आन ह्यांच्या मासळ्या पोहतेत." मम्मीला लई लाज वाटायची. मग तुम्हीच तोड काढली. पाणी बदलायच्या दिवशी तुमच्या आंघोळीची बादली टाकीत, आन टाकीतलं काढलेलं पाणी तुमच्या अंगावर. तसेच काळीपिवळी जीप घेऊन मुरुडला. गाडीतले म्हणायचे, "आज गाडीत बोंबील भरलेत का काय?" तुम्ही म्हणायचे, "हैद्राबादचं अत्तर हाय. लावू का थोडं?"

त्यातच आपली मादी खायची बंद झाली. दगडामागं बसून राही, गळा फुगलेला, नुसतं काहीतरी चावल्यावानी करी. तुम्ही म्हणाले, "फसलो आपण. खात न्हाई म्हंजे आजारीच." बदलून आणायला आपण दोघं निघालो, पाण्याची पिशवी माझ्या मांडीवर. अहमदपूरच्या जवळ मी खाली बघते तर काय, पिशवीत डासाएवढाली पिल्लं. तिच्या तोंडातून निघून राहिलेली! एस्टी गच्च भरलेली, मला बोलवंना. मी तुमची बाही ओढली. तुम्ही बघितलं आन उभं राहून ओरडले, "कंडक्टर, गाडी थांबवा! बाळंतीण हाय!" सगळी एस्टी माना वळवून बघायली. कंडक्टर आला, "कुठं हाय बाळंतीण?" तुम्ही पिशवी वर धरली. तो तुम्हाला काय काय बोलला ते मी इथं लिहीत न्हाई.

उतरून आपण चहाच्या हॉटेलात बसलो. तिथं दोघं नवा जिल्हा होणार का न्हाई यावर भांडून राहिले होते, ते बी भांडण सोडून पिशवीत डोकावले. तवर एकेक करून सगळी पिल्लं परत तिच्या तोंडात गेली. तुम्ही पिशवी उजेडात धरून बघितली. मग म्हणाले, "खाणार कशी बिचारी? तोंडात लेकरं होती." नांदेडला न जाता आपण तिला घरी आणलं. रात्री आत्या आली आन माझ्याकडं बघून म्हणाली, "ही मुकीच राहती का काय रे?" तुम्ही ताटावरून मान बी वर केली न्हाई. "राहू दे ताई. हिच्या तोंडात काय हाय ते आपल्याला कुठं ठावं."

पुढल्या थंडीत तुम्ही गेले. मासे आम्ही देऊन टाकले. नववीत माझी शाळा सुटली. वर्गात उभं केलं की शब्दच फुटायचा न्हाई, आन तुमच्यासारखं म्हणणारं कुणी नव्हतं.

आज दुकानात मी हात मागं बांधून उभी राहिले. दुकानदार आता नवा हाय, तरणा. दोनदा विचारलं त्यानं, काय पाहिजे ताई. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "अगोदर खायला टाका की त्यांना." पप्पा, माझाच आवाज मला वळखू आला न्हाई. सगळे पिवळे वर धावले. एक तेवढी खाली, गळा फुगलेला, हळूहळू चावून राहिलेली. मी म्हणाले, "ती द्या."

"ती नको ताई, आजारी हाय. चार दिस झाले खाईना."

"तीच द्या. आन तो मोठा नर."

"मरली तर परत आणू नका बरं."

आता ती दगडामागं बसलीय. टाकीच्या स्टँडचा एक पाय अजून डुगडुगतो, तिथं तुम्ही घडी करून ठेवलेला पुठ्ठा कुजून गेलाय. हे लिहून झालं की ह्या कागदाची घडी तिथंच सारते. आन एक सांगते. त्या दुकानदाराला मला सांगता आलं असतं, भाऊ, ही आजारी न्हाई. तवा घसा बंद नव्हता माझा. पण मी पिशवी छातीशी धरली आन गप्पच राहिले.