फ्रोझनला गेलेला तुकडा

आई, तू गेल्यावर तुझ्या दोन वस्तू माझ्याकडे राहिल्या, विळी आणि आवाज. अजूनही मी फोनवर ‘हॅलो’ म्हटलं की मावशीला क्षणभर तूच बोलतेयस असं वाटतं. तर त्याच गळ्यात, थायरॉइडला, गाठ आली. सुई घालून तपासलं, पण कॅन्सर आहे की नाही ते नक्की कळेना. सर्जनबाई म्हणाल्या, "गाठीची बाजू काढू आणि लगेच फ्रोझन करू." मला हसूच फुटलं. अंधेरीच्या बाजारात तू बांगडा दाबून बघायचीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचीस, "हो दोनदा मेललो आसा गो! एकदा दर्यात, एकदा बर्फात!" बर्फातल्या कशावरच तुझा विश्वास नव्हता, आणि तुझ्या लेकीचा निकाल लागणार होता गोठवलेल्या तुकड्यावर.

बाईंनी समजावलं. ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून, पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कॅन्सर दिसला तर थायरॉइड पूर्ण काढायची, नाहीतर अर्धी ठेवायची. आवाजाच्या नसा दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे अर्ध्यावर भागलं तर आवाजाला धोका कमी. "पण कधीकधी फ्रोझनलाही सांगता येत नाही हं," त्या म्हणाल्या. मी फार घाबरले होते. म्हटलं, "डॉक्टर, आवाज तेवढा सांभाळा. तो माझ्या एकटीचा नाहीये."

पुढचं तुझ्या जावयानं सांगितलं. मी आत बेशुद्ध, आणि सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "तुमच्या पेशंटचं फ्रोझनला गेलंय, थांबा जरा." मावशीनं हंबरडाच फोडला, "बर्फात घातल्यानी गो माझ्या चेडवाक!" शेजारच्या पेशंटचे नातेवाईकही रडायला लागले. बाई स्वतः बाहेर आल्या, "अहो, तुकडा गेलाय, त्या आत आहेत! आणि फ्रोझनमध्ये कॅन्सर दिसत नाहीये. अर्धी ठेवतोय." मावशी डोळे पुसत म्हणाली, "मग ताजा तपासूक काय झाला होता?" नंतर पक्का रिपोर्टही चांगला आला.

काही दिवस घसा बसला होता. मग परवा बाजारात बांगडा दाबला आणि ओरडले, "हो दोनदा मेललो आसा गो!" कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, म्हातारी परत आली वाटतं!"

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणून सांगते. बांगडा ताजा होता. मला फक्त तुला ऐकायचं होतं.