शीर्षलेखाखालची माणसं

४ फेब्रुवारी
चौकशी आयोगाचं पत्र आलं. कारखान्याच्या धुळीने आजारी पडलेल्या कामगारांची निवेदनं टेक्स्ट फाइलमध्ये द्या. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर ठरल्या नमुन्याचा शीर्षलेख हवा: नाव, खातं, तारीख, आजार, हयात की मृत. शीर्षलेख नसलेली फाइल वाचली जाणार नाही. बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू करायचा की नाही, हे या निवेदनांवर ठरणार.
कामगारांच्या वकीलबाई म्हणाल्या, आमची टायपिस्ट आठवड्यात हाताने करून देईल. मी म्हणालो, ज्या शब्दांसाठी माणसांनी फुप्फुसं दिली ते मी पगारी बोटांच्या हवाली करणार नाही. त्यांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. पटलं असावं.
कोड मी स्वतः लिहिणार.

६ फेब्रुवारी
प्रोग्रामिंगचं पुस्तक आणलं. जाडजूड. ज्याने क्रांत्यांचे इतिहास पचवले त्याला हे म्हणजे हातचा मळ. प्रस्तावना वाचली. लेखकाला ठाम भूमिका नाही.

९ फेब्रुवारी, सकाळ
वहिनींकडे गेलो. निवेदनं सगळी त्यांनीच घेतलेली. माणसांच्या खाटेशी लॅपटॉप घेऊन बसायच्या. खोकला थांबेल तेवढं टाइप करायच्या. दादाचंही त्यात आहे. तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यातलं.
फाइली माझ्या कॉम्प्युटरवर आणि पेनड्राइव्हवर घेतल्या. लॅपटॉपवरच्या वहिनींना पुसायला लावल्या. प्रती इकडेतिकडे पसरल्या की फरक पडतात, आणि फरक दिसला की कारखान्याचा वकील त्यात बोट घालतो. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, यांची तेवढी राहू दे. मी तासभर समजावलं की चळवळीत अपवाद नसतो. शेवटी त्यांनीच पुसली. लॅपटॉपवरची कचरापेटी मी रिकामी केली. काम अर्धवट सोडायची मला सवय नाही.

१३ फेब्रुवारी
कोड झाला नाही. गेटसभेत 'शब्दांची शिस्त' या विषयावर बोललो. टाळ्या चांगल्या. फिटरमामा पूर्ण वेळ खोकत होते, तरी लय सुटू दिली नाही. नंतर जवळ येऊन म्हणाले, निवेदन देताना मी मधेच पाणी मागितलं होतं, तेही तुमच्या वहिनींनी लिहून घेतलंय, ते काढून टाका बुवा, लोक हसतील. मी म्हणालो, मामा, शीर्षलेख लागला की कुणाची हसायची हिंमत होणार नाही.

१६ फेब्रुवारी
डोकेदुखी. पुस्तकातली उदाहरणं फालतू आहेत. दुकानातल्या फळांच्या याद्या. माझं काम इतिहासाचं.

१९ फेब्रुवारी
झालं! कोड धावला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळ्या फाइलींवर शीर्षलेख. तपासणीसाठी दुसरा छोटा प्रोग्राम लिहिला, तो प्रत्येक फाइलच्या वरच्या ओळी दाखवतो. सगळं बिनचूक. फक्त फिटरमामांच्या पुढे 'मृत' पडलं होतं, ते सुधारलं.
दोन्हीकडे एकच मजकूर हवा म्हणून पेनड्राइव्हवरही तोच कोड चालवला. सगळं वकीलबाईंना पाठवलं. टायपिस्टला आठवडा लागला असता.

२० फेब्रुवारी
वकीलबाईंचा फोन. म्हणाल्या, सगळ्या फाइली साधारण एकाच आकाराच्या कशा? मी म्हणालो, यालाच शिस्त म्हणतात. म्हणाल्या, एक उघडा.
उघडली. वर शीर्षलेख, ठसठशीत. खाली काही नाही.
दुसरी उघडली. फाँटचा प्रश्न असावा.

२१ फेब्रुवारी
फाँटचा प्रश्न नाही. पुस्तकात लिहिलंय, पण पुढच्या प्रकरणात: फाइल 'लिहिण्यासाठी' उघडली की आधीचं सगळं पुसलं जातं. ही व्यवस्था कुणी केली? लिहायचं तर आधीच्यांना पुसा! सत्ताधाऱ्यांचा सारा इतिहास या एका आज्ञेत आहे. यावर भाषण होऊ शकतं.

२३ फेब्रुवारी
डेटा परत मिळवून देणाऱ्याच्या दुकानात गेलो. माझा कॉम्प्युटर, पेनड्राइव्ह आणि वहिनींचा लॅपटॉप, सगळं नेलं. म्हणाला, असल्या डिस्कवरून गेलेलं येत नाही. लॅपटॉपवरची कचरापेटी कुणी रिकामी केली, असं विचारलं. वापरणाऱ्याने, मी म्हणालो.

२६ फेब्रुवारी
निराश व्हायचं कारण नाही. निवेदनं पुन्हा घ्यायची. शीर्षलेखांचा इथे फार उपयोग झाला: कुणाला आता विचारता येणार नाही ते एका नजरेत कळतं. निम्म्याहून जास्त.

२ मार्च
फिटरमामांकडे गेलो. नळी लावलेली. तीन वाक्यं झाली आणि मामी म्हणाल्या, पुरे. मामा म्हणाले, एकदा सांगितलं होतं ना सगळं, नीट बसून. मी म्हणालो, तांत्रिक अडचण. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. थकले असावेत.

५ मार्च
सुनावणी. मी उभा राहिलो, म्हणालो, या सगळ्यांच्या वतीने मी बोलतो. रात्रभर तयारी केली होती. अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही कारखान्यात कामाला होतात का? नव्हतो. बसा म्हणाले.
शीर्षलेख नमुन्याप्रमाणे आहेत, अशी नोंद मात्र झाली. कारखान्याच्या वकिलाने एकाही शीर्षलेखावर हरकत घेतली नाही.

११ मार्च
निकाल. आजार धुळीमुळेच झाला असं दाखवणारं काही समोर नाही. कारखाना पुढच्या महिन्यापासून सुरू. कोपऱ्यावर पोरं भरतीचे अर्ज घेऊन उभी होती. एकाने मला नमस्कार केला.

१४ मार्च
वहिनींना धीर द्यायला गेलो. त्या लॅपटॉपसमोर बसलेल्या. दादाचं निवेदन आठवून पुन्हा टाइप करत होत्या. आता ते कुणाला द्यायचं नाही, तरी. निम्म्यापर्यंत आलं होतं. 'घरी आलो की लेक अंगाशी यायची, मी तिला लांब ठेवायचो, कपडे पांढरे असायचे' इथे अडल्या. म्हणाल्या, पुढे काय होतं हो, भाऊजी? शीर्षलेख लावताना तुम्ही वाचलं असेलच.
मी खिडकीशी गेलो. मग एक वाक्य सांगितलं. चांगलं वाक्य होतं.
त्यांनी ते टाइप केलं. वाचलं. एकेक अक्षर मागे जात पुसलं. हे तुमचं आहे, म्हणाल्या. ते असं बोलत नव्हते.
मला पुन्हा काही विचारलं नाही.