शिवणीत न सोडलेली माया

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, गल्लीत 'कात्रीबाई' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. मन सकाळपासून हुरळलेलं आहे, त्याला कायद्याची हरकत नसावी.

१. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात 'धाकट्या बहिणीला सुईसुद्धा देऊ नये' असं मी दोनदा अधोरेखित केलं होतं. पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. मी ती कधीच सोडली नाही. कापड वाचवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. तिच्या लेकाच्या लग्नात धाकटी वाकली आणि मी शिवलेलं पोलकं पाठीवर टरकन उसवलं. ती म्हणाली, "ताई, तुझ्या हातात मायाच नाही." मी म्हणाले, "तूच फुगलीस." मग एकोणीस वर्षं अबोला.

२. त्या काळात मला ब्लडप्रेशर जडलं, छाती धडधडू लागली, झोप उडाली. मी मिठाला दोष दिला. गेल्या वर्षी भाचा आला. "मावशी, औषधांनी आईला सूज आलीय. एक कपडा अंगात जात नाही. ती दारसुद्धा उघडत नाही."

खरं सांगते, मी मजा बघायला गेले. तिचं कपाट उघडलं तर सगळे मीच शिवलेले कपडे, इतकी वर्षं वापरलेले. शिवणी उलटून पाहिल्या. माया कुठेच नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग रोज एक कपडा उसवायचा, दोन्ही कुशींना पट्टी जोडायची, तिचा हात धरून बाहीत घालायचा. चार महिन्यांनी डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा दोनदा गुंडाळला. त्यांना यंत्र बिघडल्यासारखं वाटलं.

"कोणतं नवं औषध घेताय?"

"पट्ट्या," मी म्हणाले. त्यांनी गोळी निम्मी केली. आता मी भरदुपारी घोरते.

३. शिलाई मशीन आणि कात्र्या भाचेसुनेला. तिला साधा टाका येत नाही, पण शिकेल. अट एकच, दर शिवणीत दोन बोटं माया सोडावी.

४. <s>धाकटीची सुजलेली पावलं रोज तीन जिने चढतात. माझं घर तळमजल्यावर आहे, ते माझ्यामागे तिला मिळावं.</s>

हे कलम मी वाचून दाखवलं आणि धाकटी साक्षीदाराची सही करायला पुढे सरसावली. साक्षीला आलेले डॉक्टर म्हणाले, "काकू, ज्याला घर मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मग घर नको. ही शुद्धीवर आहे की नाही, हे माझ्याशिवाय कोणाला कळतंय?"

मला रडू आलं आणि हसूही आलं. मी मरेपर्यंत तिने जिने चढत राहावेत, हे लिहिताना मला खटकलंसुद्धा नव्हतं. सबब कलम चार खोडलं आहे. घराचं बक्षीसपत्र या आठवड्यातच करते. तिची ट्रंक आत्ताच खाली आणली.

ठिकाण: माझी, म्हणजे आमची, पुढची खोली.
तारीख: सोमवार, महिन्याची नऊ. ब्लडप्रेशर एकशे अठ्ठावीस.

सही: कात्रीबाई

साक्षीदार १: डॉक्टर
साक्षीदार २: धाकटी. लिहून देणारी शुद्धीवर आहे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.