दंडावरून घसरलेलं कडं

आबा, माझ्या सासरी, मार्गासनीला, तुम्हाला जागा नव्हती, म्हणून भोरच्या धर्मशाळेत ठेवलं. तिथं निराधार म्हातारी माणसं राहायची. तीन महिन्यांनी भेटायला आले, तर तुमच्या दंडातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत घसरलेलं. जन्मभर मेंढरांमागं डोंगर चढलेला माणूस, आणि बंडीतून बरगड्या दिसत होत्या. "जेवता न्हवं?" विचारलं, तर तुम्ही दाराकडं बघत म्हणालात, "व्हय. लई देत्यात." दारात स्वयंपाकीण उभी होती, चांगली अंगानं भरलेली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

पुढच्या बाजाराला मी न सांगता ऐन जेवणाच्या वेळी आले आणि खिडकीआड उभी राहिले. तुम्ही आपल्या अंथरलेल्या वाकळेवरच जेवायला बसला होता, हात पुढच्या माणसाआड. ती तुमच्या ताटात दोन भाकरी वाढते, घटकाभरानं रिकामं ताट उचलते. तुमचं तोंड मात्र धड हललेलं नाही. मग भाकरी गेली कुठं? मी तडक आत शिरले. "म्हाताऱ्याची भाकर पदराआड नेतीस व्हय गं?" सगळी पंगत थांबली.  तिनं तुमच्या वाकळेचं टोक उचललं. खाली भाकरीचे तुकडे, काही ताजे, काही वाळून मुंग्या लागलेले. "झाडताना घावलं हुतं," ती म्हणाली. "मला वाटलं, लेकीला द्यायला साठवत्यात. तुमीच नेताय म्हून माजा तुमच्यावर राग."

मी तर कधी एक तुकडाही नेला नव्हता, तसं सांगितलं. मग तिनं तुम्हाला तोंड उघडायला लावलं. दाढा किडलेल्या, हिरड्या सुजून लाल झालेल्या. "आबा, सांगितलं का न्हाई?" मी विचारलं. तुम्ही खाली बघत म्हणालात, "चावत न्हाई म्हणलं तर हितनं काढत्याल. मग तुज्या दारात यावं लागंल."

दाढा काढल्या. ती भाकरी दुधात कुस्करून द्यायची, दिवसातून चारदा थोडी थोडी नाचणीची आंबील, वर लोण्याचा गोळा. तुमचं खाऊन होईतो शेजारी बसून मेंढरांच्या गोष्टी विचारायची. दिवाळीपर्यंत तुमच्या गालांवर मांस आलं. तरीही मी यायचे तेव्हा, तिची पाठ वळली की, वाकळ उचलून बघायचेच. तुमच्यावरही विश्वास राहिला नव्हता.

हा कागद मी चुलीत घालणार आहे, म्हणून लिहिते. त्या दिवशी ती बाई चोर निघाली असती, तर मला बरं वाटलं असतं.