बुचावरची चांदी

६ जानेवारी १९८८

ब्लेडने माझाच अंगठा कापला. चांदी जागच्या जागी!

तालीम टॉनिकच्या रिकाम्या बाटलीवर चालली होती. सिगारेटच्या पाकिटातली चांदी भाताच्या खळीने तिच्या गळ्याला चिकटवली आणि बाटली दोन्ही हातांत धरून यांच्यासमोर बसले. यांनी डाव्या हातात दाढीचं ब्लेड घेतलं. पहिल्याच फेऱ्याला घसरलं ते माझ्या अंगठ्यात. रक्त बघून हे घाबरले, आणि घाबरले म्हणून माझ्यावरच ओरडले — बाटली हलवलीस म्हणे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झटका आला, तेव्हापासून उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. याच हाताने सत्तावीस वर्षं बोटीवर साहेबलोकांना वाढलं. हे स्टुअर्ड होते. वाइनच्या बुचावर शिशाच्या पातळ पत्र्याची टोपी असते, तिला हे चांदी म्हणतात. ती काठाच्या खाली, एका फेऱ्यात कापायची. बाटली हलू द्यायची नाही, शिसं वाइनला लागू द्यायचं नाही. लग्न झाल्यापासून ऐकते आहे. बघितलं कधीच नाही.

अंगठ्याला हळद बांधली आहे. अक्षर वाकडं येतंय.

९ जानेवारी

बाटलीचं एकदा लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

चौदा वर्षांपूर्वी यांच्या बोटीचा कप्तान निवृत्त झाला, तेव्हा त्याने वाढणाऱ्या माणसांना एकेक बाटली दिली. लाल वाइन, फ्रान्सची. हे ती लुंगीत गुंडाळून गुहागरपर्यंत घेऊन आले. त्याच्या आदल्याच वर्षी माझा भाऊ केरू हातभट्टीची पिऊन गेला होता. त्याचं दिवसकार्य झाल्यावर मी माळ घातली होती. दारातच सांगितलं, बंद आहे तोवर घरात राहील. चांदी फाटली की एकतर ती बाहेर, नाहीतर मी बाहेर. यांनी नुसती मान डोलावली. बाटली माझ्या पेटीत लग्नाच्या लुगड्याखाली गेली. चौदा वर्षांत या माणसाने तिचं नाव काढलं नाही.

आता काढलं. हात गेल्यावर!

१२ जानेवारी

विचारलं, आत्ताच का?  मग पेज भरवताना म्हणाले,

"सत्तावीस वर्षं परक्यांना उभ्यानं वाढलं. तुला एकदा तरी नको वाढायला?"

 वर्षातला दीड महिना यांना वाढण्यात आणि साडेदहा महिने वाट बघण्यात माझा जन्म गेला. यांच्याआधी मी कधी जेवले नाही. आणि हा माणूस म्हणतो, तू खुर्चीवर बसायचं, मी पेला भरणार. मी गळ्यातली माळ दाखवली. तर म्हणे पिऊ नकोस, नुसती बस. रागही आला, रडूही आलं. दोन्ही न्हाणीत जाऊन धुऊन आले.

१३ जानेवारी

अडकित्त्याने करून बघितलं. सुपारी फुटते, चांदी चुरगळते.

१७ जानेवारी

आत्माराम भावजींना कळलं. यांचे धाकटे भाऊ. दोन घरं सोडून राहतात, स्वतःची होडी आहे. दसऱ्यापासून रोज सकाळी समुद्रावरून आले की आधी इकडे येतात. यांना उचलून न्हाणीत नेतात, पाठ चोळतात, दाढी करतात. अंगाला मासळीचा वास येतो म्हणून हे कुरकुरतात, पण भावजींना यायला जरा उशीर झाला की डोळे दाराकडे.

एवढ्याशा कामाला हत्यार कशाला, कोयत्याने मान उडवली की झालं, असं भावजी म्हणाले. यांनी असं बघितलं की ते मुकाट्याने साबण घेऊन आले.

२० जानेवारी

बाबूला पत्र टाकलं. यांच्या बहिणीचा मुलगा, यांनीच बोटीवर चिकटवलेला, आता तिथे कुक आहे. एका हाताने चांदी कापता येईल असं काही तिकडे मिळतं का, विचारलं आहे. हे म्हणाले, "कशाला त्या पोराला त्रास?" पण पत्ता यांनीच तोंडपाठ सांगितला.

१८ फेब्रुवारी

बाबूचं उत्तर. रॉटरडॅमहून.

तीन प्रकार आहेत म्हणतो. एक मिटणारा चाकू, पातं करवतीसारखं. हा यांच्या ओळखीचा. दुसरी कडी, तिच्या आत एक दात. ती गळ्यात घालून ओढायची. तिसरं नवीनच निघालंय. प्लॅस्टिकचा चिमटा, नालाच्या आकाराचा, आत चार बारीक चाकं. गळ्यावर बसवायचा, मुठीत दाबायचा, फिरवायचा. चांदी टोपीसारखी निघते. शेवटी लिहितो, दुकानदाराने विचारलं हॉटेलसाठी पाहिजे की घरासाठी? मी घरासाठी म्हटलं मामी.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. आमच्या घरात वाइनच्या बाटलीसाठी हत्यार! केरू असता तर हसला असता. की नसता, कोण जाणे.

यांना चाकू पाहिजे. मी म्हटलं चिमटा. एका हाताने चाकू उघडायचा कसा, आणि उघडलात तरी पुढचा अंगठा पण माझाच. हे म्हणाले, चाकंवालं शिकाऊ पोरांचं असतं. मी म्हटलं, डाव्या हाताचे तुम्ही शिकाऊच आहात. तोंडातून गेलं खरं. मग दिवसभर अबोला.

१९ फेब्रुवारी

सकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मागव चाकंवालं."

बाटलीचा गळा त्यात बसायला हवा. पेटी उघडली, लुगडं बाजूला केलं. बांगडीचं माप घेतात तसा दोरा गळ्याभोवती घेतला, गाठ मारली आणि तो पत्रात घातला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच तिला हात लावला. गार होती. चांदी गडद लाल, वर एक छोटा मुकुट. उगाच तिला शिव्या घालत होते इतकी वर्षं असं वाटलं. मग केरू आठवला आणि पेटी लावली.

२५ फेब्रुवारी

ठरवलं. बसेन खुर्चीवर. माळ देवापुढे काढून ठेवीन आणि एक घोट घेईन. देव काय तो हिशेब बघेल. यांना अजून सांगितलं नाही.

पाठीला तेल लावत होते. सांगणारच होते, तेवढ्यात हेच बोलले.

"ती बाटली उघडली, तुला वाढलं, की मी मोकळा."

माझा हात थांबला. माझी सासू आमच्या लेकीच्या, मैनाच्या लग्नाची वाट बघत चार महिने अंथरुणावर होती. अक्षता पडल्या आणि तिसऱ्या दिवशी गेली. इच्छा आहे तोवर जीव अडकून राहतो, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. तेल संपवलं. 

४ मार्च

शिमग्याची पालखी दारात, ढोल चाललेले, आणि यांचं तोंड वाकडं झालं. दुसरा झटका. भावजी पालखी खांद्यावरून उतरवून धावत आले.

५ मार्च

डॉक्टर येऊन गेले. तिसरा सोसणार नाही म्हणाले. जाताना पडवीत हळूच सांगितलं, मागतील ते द्या. ते वाक्य मला मारल्यासारखं लागलं. मागतील ते!

१० मार्च

मैना पोफळीहून आली. जावयाला पॉवरहाउसमध्ये रजा मिळाली नाही. आल्याबरोबर बापाच्या गळ्यात पडली. हे तिला तुटक तुटक सांगत होते — चिमटा पाडव्याच्या सुमाराला येतोय, बाबूने मुंबईला उतरणाऱ्या माणसाकडे दिलाय, मग आईला खुर्चीवर बसवायचं. पोरगी हो हो म्हणत होती. मी चुलीशी होते. सगळं ऐकू येत होतं.

१४ मार्च

आज अघटित झालं.

वाडीच्या बांधावर आमच्या राखणदार देवाचा दगड आहे. घरात दुखणं आलं की त्याला राखण द्यायची, एक कोंबडा आणि दारूची एक बाटली. बाटली बंद लागते, उष्टी चालत नाही. भावजींनी गुरवाला देवीपुढे कौल लावायला सांगितला. कौल आला, राखण चुकली आहे, आजच्या आज द्या. मी धुणं घेऊन विहिरीवर गेले होते. मैना वाण्याकडे. हे झोपलेले. भावजी घरात आले आणि पेटीतली बाटली घेऊन गेले. घाईत असतील. गावातलं दुकान बंद असेल. मी दोन बादल्या भरल्या, लुगडी पिळली, परत आले तर पेटी उघडी.

बांधावर गेले तोवर सगळं आटोपलं होतं. बूच कसं काढायचं कुणालाच कळेना, म्हणून गुरवाने कोयत्याने मान उडवली. जांभ्या दगडावर वाइन सांडलेली. मान तिथेच पडली होती, बूच आत, चांदी वर, मुकुट तसाच. ती पदरात घेऊन आले.

१५ मार्च

यांना सांगावं लागलं. भावजी स्वतःच आले, खाटेजवळ उभे राहिले.

"दादा, मी नेलंय. तुझ्या जिवासाठी नेलंय."

यांनी डाव्या हाताने दार दाखवलं. भावजींनी दाढीचं सामान खिडकीत ठेवलं आणि गेले.

२२ मार्च

चिमटा आला. पाडव्याला नाही, तीन दिवस उशिरा. एवढासा, काळा, हातात बसणारा. बघून मला घरात राहवेना, अंगणात जाऊन उगाच झाडत बसले.

परत आले तर हे म्हणाले, ती मान आण. काचेला चिंधी गुंडाळून मी ती धरली. यांनी डाव्या मुठीत चिमटा घेतला, काठाखाली बसवला, दाबला आणि फिरवला. एक फेरा. चांदीची टोपी माझ्या ओंजळीत पडली. कड अशी सुरेख, जणू छापलेली. मान हलली नाही. मीही हलले नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली, आज बघितलं.

"अस्सं," म्हणाले. आणि रडले. यांना रडताना मी यांची आई गेली तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं.

२३ मार्च

मैनाला आणि मला जवळ बोलावून सांगितलं, "माझ्या तिरडीला आत्मारामनं हात लावायचा नाय."

मैना म्हणाली, असं बोलू नका बाबा. हे म्हणाले, बोललो ते बोललो.

३ एप्रिल

डॉक्टरांना नवल वाटलं. नाडी चांगली, बोलणं सुधारलंय. काल भिंतीला धरून तीन पावलं टाकली. रागानेच उभे राहिले असावेत. मैना परत पोफळीला गेली.

न्हाणीला न्यायला आता वाडीतला महिपत येतो. तो यांना पोत्यासारखा उचलतो. भावजी रोज सकाळी समुद्रावरून येतात ते कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे थांबतात. टोपलीतले दोन मासे काढून ठेवतात. मान वर करून खिडकीकडे बघतात आणि जातात. मासे मी यांना वाढते, कुणी दिले ते सांगत नाही. आज भावजी थांबलेले असताना हे खिडकीशी होते. यांनी खिडकी लावून घेतली. भावजी तसेच बराच वेळ उभे.

मला जेवण गेलं नाही.

५ एप्रिल

भावजींच्या घरी गेले. किती वाळलेत! मी म्हटलं, पुरे आता. ते म्हणाले,

"वयनी, तू गप रहा. तुजवर रागावला तर तो जेवायचा कुणाच्या हातचं?"

७ एप्रिल

वहीत खोटं लिहिलं आहे. १४ मार्चला मी विहिरीवर गेलेच नव्हते. भावजी गावातून बंद बाटली घेऊनच आले होते. ती मी ठेवून घेतली आणि पेटीतली काढून त्यांच्या हातात दिली. ते नको नको म्हणत होते. मी पाया पडले त्यांच्या. वाढून झालं की हे मोकळे होणार होते, आणि मला यांनी मोकळं व्हायला नको होतं. पापपुण्य काय असेल ते असो, मला माझा माणूस हवा होता.

हे उठलेत, खोकल्याचा आवाज आला. चहा घेऊन जाते आणि सांगते.