मिठाची डबल बेल

जैनाबाद, ९ जानेवारी २०२४

ती. ताईस,
नंदूचा सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी जीभ काढली, हात ठेवले, म्हणून हे पत्र. फोनवर तू रडशील नि मी नुसता घूं घूं करीन, त्यापेक्षा हे बरं. खकनारच्या गाडीत जन्मभर ओरडलेल्या कंडक्टरची बोलतीच बंद! तंबाखूचा प्रसाद, दुसरं काय.

तू सांगितलंस म्हणून मालू रोज बकऱ्याच्या पायांचा रस्सा करते. डॉक्टर म्हणाले, प्यायला हरकत नाही, पण यानं जखम भरेल असं समजू नका, दूध-अंडंही द्या. मालूनं पहिलं अर्धंच ऐकलं.

ती माळकरी, तुला माहीतच आहे. लग्नापासून माझं मटण मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर शिजवते, पण थेंब चाखत नाही. मीठ मीच बघायचो. तळहातावर रस्सा घ्यायचा, चाटायचा नि पातेल्यावर पळी वाजवायची. एकदा म्हणजे थांब, कमी आहे. दोनदा म्हणजे डबल बेल, जाऊ दे गाडी. आताही ती वाटी देते नि माझ्या तोंडाकडे बघत बसते. मी चमचा दोनदा वाजवतो.

तिला वाटतं, जिभेच्या उरलेल्या बुडाला मीठ कळतं, पण चव काही लागत नाही गं. कॅन्सरवरच्या विजेच्या शेकानं तोंडभर फोड आलेत, साधं पाणीही जाळतं, तिथं मिठाचं काय कळणार? पण हे तिला कळलं तर ती माळ काढून स्वतः चाखेल. माझ्या तंबाखूपायी तिची माळ जायला नको. तू बोलायचं नाहीस, तुला माझी आण.

लोभ आहे तसाच राहू दे.
नंदू


शाहपूर, १७ जानेवारी

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

मेल्या, आण कसली घालतोस! जीभ गेली तरी हट्ट तसाच. तिची नजर कमी झाली, हात कापतो, अंदाजानं किती टाकत असेल? फोडांवर मीठ म्हणजे जाळ. तिला खरं सांग. माळ पुन्हा घालता येते.

रस्सा मात्र सोडू नको. आईचा मोडलेला हात त्यानंच जुळला होता. वजनाचं तू काही लिहीत नाहीस, त्याचीच मला धास्ती. गुडघे धड असते तर आजच आले असते. आण मोडत नाही, पण मला हे बिलकुल पटत नाही. वाचलंस की पत्र चुलीत टाक.

माझा जीव तुझ्यापाशी आहे, ध्यानात ठेव.
ताई


जैनाबाद, २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र जाळलं. वजनाचं विचारू नको, पँट दोरीनं बांधतो. वाटी रोज पितो. डोळ्यांतून पाणी येतं, मालूला वाटतं वाफ लागली. पदरानं पुसते. तेवढा वेळ बरं वाटतं.

रागावू नको.
नंदू


जैनाबाद, २६ फेब्रुवारी

ती. ताईंना,
मालूचा पाया पडून नमस्कार.

दहाव्याला तुम्ही आलात, पण समोर विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहिते.

हे गेले त्या सकाळी रस्सा तयार होता. वाटी घेऊन गेले तर हे थंड पडलेले. सगळे यांना घेऊन नदीवर गेल्यावर पातेलं रिकामं करायला मागं गेले. मनात आलं, आपला माणूस रोज काय पीत होता ते बघावं तरी. माळ काढून खुंटीला अडकवली नि बोट बुडवलं.

ताई, नुसतं मीठ. माझ्या तोंडात एक फोड नाही, तरी घसा जळाला.

हे त्याच दिवशी झालं की रोजच होत होतं? रोज तर यांनी दोनदा वाजवलं. शेवटी चमचा उचलेना, तर बोटानं वाटीवर वाजवलं, तेही दोनदा. आणि मी मेली डोळे पुसत बसायची, वाफ लागली म्हणून.

माळ अजून खुंटीलाच आहे. हात लावायचा धीर होत नाही.

हे तुम्हाला सगळं लिहायचे. माझ्या हातच्या मिठाबद्दल कधी काही लिहिलं होतं का? खरं सांगा. तुम्हाला यांची आण आहे.

उत्तराची वाट बघते.
मालू